लालासाहेबांचा गुप्त बस्ता

तुम्ही कधी एकट्या पुरुषाला लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलेलं पाहिलंय का हो? नसेलच. आपल्याकडे बस्त्याला माणूस जात नाही, वरात जाते. आत्या, मावशी, दोन्हीकडच्या चुलत्या, आणि खोड काढायला एखादी शेजारीण. बापाचं काम म्हणजे खिशात हात घालायचा आणि शेवटी पिशव्या उचलायच्या. पण कुपवाडच्या लालासाहेबांनी हा पराक्रम एकट्याने केला, तोही घरात कुणाला न सांगता.

लालासाहेबांची उमेदीची सगळी वर्षं मिलिटरीत गेली. सरहद्दीवर नव्हे, कोठारात. ब्लँकेटं, बूट आणि मच्छरदाण्या हेच त्यांचं रणांगण. गावाकडं जत्रेला गेलं की पोरं विचारायची, "नाना, तुमी कंच्या लढाईत व्हता?" त्यांनी मिशीला हात लावून तोंड उघडायच्या आधीच त्यांच्या पत्नी, विजयमालावहिनी, आतून सांगायच्या, "ढेकणांच्या!" (वहिनींच्या मनात वाईट काही नसायचं. पण वाईट मनात नसताना बोललेलंच जास्त लागतं.) रिटायर झाल्यावर ते कुपवाडच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. तिथे तर लढाईचा प्रश्नही कुणी विचारीना.

आणि एके दिवशी मोबाईलवर जाहिरात आली: 'गुप्त ग्राहक व्हा.'

काम सोपं होतं. गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, लोक कसं वागवतात ते बघायचं, बारीकसं काहीतरी विकत घ्यायचं आणि कंपनीला कळवायचं. कंपनी पैसे देणार. अट एकच, आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही. घरातसुद्धा नाही. 'गुप्त' हा शब्द वाचल्याबरोबर लालासाहेबांची पाठ आपोआप ताठ झाली. इतक्या वर्षांनी कामगिरी आली होती! शिवाय शिवांजलीचं लग्न तोंडावर आलेलं. लेकीच्या लग्नाला तेवढाच हातभार लागेल, असं त्यांना वाटलं. हे वाटणं खरं होतं, ते मी आधीच सांगून ठेवते. पुढे फार लोकांनी त्यांच्यावर शंका घेतली.

शिवांजली कुपवाडलाच एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघायची. तिला फलटणचं स्थळ आलं होतं. मुलगा जयराज, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, फोनवर हळू आवाजात बोलणंही सुरू झालं होतं. जयराजचे वडील नानासो येत्या रविवारी येऊन सुपारी फोडणार होते. तोवर फलटणचं नाव घराबाहेर काढायचं नाही, अशी वहिनींची सक्त ताकीद होती. ठरत आलेल्या लग्नाला दृष्ट लागते. म्हणजे बिचाऱ्या लालासाहेबांवर आता दोन गुपितं होती, एक कंपनीचं आणि एक बायकोचं.

पहिलीच कामगिरी आली सांगलीच्या पेठेतल्या एका तीन मजली कापडदुकानाची. मुलीचा बाप म्हणून जायचं, बस्त्याचे कपडे बघायचे. दुकानदाराने जे जे साध्या गिऱ्हाइकासाठी केलं असतं, ते ते नाकारायचं नाही.

बुधवारी सुट्टी होती. इस्त्रीचा शर्ट घालून, "जरा बँकेत जाऊन येतो," असं सांगून लालासाहेब निघाले. दुकानात गादीवर बाळासो बसले होते. कापडात केस पिकलेला, गोड माणूस.

"या पावणं, बसा. बायामाणसं कुठं हायती?"

इथेच पहिली ठेच लागली. बाई पाहिजे, हे लालासाहेबांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मागनं येत्यात."

"कितीजणी हायती?"

कोठारातला माणूस. आकडा मागितला की आकडा देणार. "पंधरा."

"अरं गुंडा," बाळासोंनी जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "पंधरा चा सांग! बस्ता हाय!"

चहा आला. बाया आल्या नाहीत. माल वाया गेलेला लालासाहेबांना बघवत नाही, म्हणून त्यांनी एक घेतला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याला बाळासो म्हणाले, "आवं पावणं, दमानं. नाव काय म्हनालासा?"

खोटं नाव त्यांनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. पण मिलिटरीत नाव विचारलं की एकाच तऱ्हेने सांगायचं, ही सवय हाडात मुरलेली. "हवालदार लालासाहेब, मुक्काम कुपवाड!" असं खणखणीत उत्तर गेलं. (गुप्त कामगिरीवर हुद्द्यासकट नाव सांगणारा हा पहिलाच गडी असावा.)

"मिलिटरी व्हय! मग लेक कुठं दिली?"

फलटण ओठावर आलं आणि वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला. लालासाहेबांनी ते गिळलं. दुसरं गाव आठवेना. आठवलं ते थोरल्या बहिणीचं.

"जतला."

"जतला? आवं, तिकडं प्यायला टँकर लागतोय की! पोरगं काय करतंय?"

"मिलिटरीत हाय."

हे म्हटलं आणि लालासाहेबांना एकदम बरं वाटलं. "सीमेवर असतोय," ते पुढे म्हणाले. "बर्फात. लय धाडशी पोरगं. बोलतंय कमी, पन नजर अशी की समोरचा उभा ऱ्हात न्हाई." बाळासो ऐकत होते, साड्या उलगडणारी पोरगी ऐकत होती. लालासाहेबांच्या बोलण्यात जावई नाईकाचा हवालदार झाला, हवालदाराचा सुभेदार झाला. लॅबमध्ये रसाची गोडी तपासणारा जयराज कुठच्या कुठे राहून गेला.

शालू झाले, पैठण्या झाल्या. बाया काही आल्या नाहीत. शेवटी, बारीकसं काहीतरी घ्यायचं म्हणून लालासाहेबांनी एक हिरवा खण बाजूला काढला. "सध्या एवढाच द्या."

बाळासोंचा चेहरा उजळला. "मुहूर्त करताय व्हय! आवं, मग आदी सांगायचं न्हाई का? स्वप्नाली, कुंकू आन गं!"

आपल्याकडे बस्त्याचा मुहूर्त असाच असतो. आधी एखादा खण घ्यायचा, त्याला कुंकू लावायचं, बाकीची खरेदी मग सावकाश. लालासाहेबांना हे माहीत असायला हवं होतं. पण आजवरच्या बस्त्यांना ते दुकानाबाहेर पिशव्यांची वाट बघत उभे असायचे. बघता बघता खणाला कुंकू लागलं, त्यांच्या कपाळाला लागलं, डोक्यावर पांढरी टोपी आली, गळ्यात टॉवेल आला, हातात नारळ आला.

"हसा पावणं," स्वप्नाली मोबाईल धरून म्हणाली.

नाकारायचं नाही, असा हुकूम होता. ते हसले. खरं सांगायचं तर अगदी मनापासून हसले.

"फोटू लगीनसराईच्या जाहिरातीला लावला तर चालंल न्हवं?" बाळासोंनी विचारलं. लालासाहेबांनी मान हलवली.

घरी येताना त्यांनी वाटेतच स्कूटर थांबवून कंपनीला कळवलं: वागणूक उत्तम, चहा उत्तम, सगळ्यांना पैकीच्या पैकी. खण पँटच्या खिशात, टोपी आणि टॉवेल स्कूटरच्या डिकीत. कामगिरी फत्ते.

संध्याकाळी जतहून फोन आला. थोरली बहीण, साळूबाई.

"लाला, मी मेले का रं?"

"असं का म्हंतीस, आक्का?"

"मग सख्ख्या भनीला टाकून बस्ता बांधलास? आन् तोबी जतातल्या सोयरिकीचा? माझ्या उंबऱ्याम्होरनं वरात जानार, आन् मला स्टेटसवर कळनार?"

"आक्का, ते... सांगता यायचं न्हाई."

"न्हाईच सांगता यायचं! कुन्या तोंडानं सांगशील?" फोन बंद.

तोवर वहिनींच्या मोबाईलवरही तो फोटो येऊन पडला होता. कुणीतरी कुणाच्यातरी स्टेटसवरून उचललेला. टोपी, टॉवेल, नारळ, आणि खाली मजकूर: 'कुपवाडचे हवालदार लालासाहेब यांच्या कन्येच्या बस्त्याचा मुहूर्त. जावई जतचे सुभेदार. अभिनंदन!'

वहिनींनी फोटो बघितला, नवऱ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. "आवं, ह्यो कोन?"

"मीच."

"ते दिसतंय. ह्यो सुभेदार कोन?"

लालासाहेब ताठ बसले. "विजयमाला, काय गोष्टी गुप्त असत्यात."

"तुमी काय पोरगी परस्पर देऊन आलासा का काय?" वहिनींचा आवाज फाटला.

शिवांजली दारातच उभी होती. हेल्मेट अजून हातात. तिला आधीच कळलं होतं. जयराजने विचारलं होतं, तिने हसून "काहीतरीच," म्हटलं होतं, आणि मग त्याने फोटो पाठवला होता.

"पप्पा, त्यांच्या घरी सगळ्यांनी बघितलाय. तुम्ही फोन करून सांगा."

सांगायचं की नाही, या विचारात लालासाहेबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात नानासोंचाच फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला.

"लालासाहेब, राम राम. फोटो तुमचाच न्हवं?"

"व्हय," लालासाहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मग आमी रविवारी सुपारी घिऊन कुठं यायचं? जतला?"

"न्हाई हो नानासो!" अखेर बांध फुटला. "ती गुप्त कामगिरी हाय. एक कंपनी हाय. ती पैसं देती. आपन दुकानात जायचं, लेकीचं लगीन हाय म्हनायचं, साड्या बघायच्या, चा प्यायचा आन् यायचं."



"साड्या बघायचं पैसं?"

"व्हय."

"न घेता?"

"एक खण घ्यायचा."

"पावणं," नानासो अगदी शांतपणे म्हणाले, "मिलिटरीवाला जावई आवडला, तर तसं सांगायचं. आमी काय भांडलो नसतो. पन इतकं हलकं कारन देऊ नगा. आमी ऊस लावतो, खुळं न्हाई." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी पहिल्यांदा लालासाहेबांनी अख्खं खरं सांगितलं होतं, आणि ते इतकं खोटं वाटत होतं की त्यांना स्वतःलाच शंका आली.

त्यांनी कंपनीच्या मॅडमना फोन लावला. रडकुंडीला येऊन म्हणाले, "फलटणला एवढं सांगा, की मी तुमचा माणूस हाय."

"सर, आम्ही आमच्या ग्राहकांची ओळख कुणालाही सांगत नाही."

"आवं, पन मीच सांगतोय की माझी वळख!"

"तुम्ही सांगितली तरी आम्ही ती मान्य करत नाही, सर. गुप्ततेची तीच तर खात्री आहे."

जयराजने शिवांजलीला एकदाच फोन केला. त्याचा विश्वास होता म्हणे. पण घरात आता कसं बोलायचं, भाऊबंदांत हसं झालंय, तू समजून घे. तिने समजून घेतलं. रविवारी सुपारी आली नाही. वहिनींनी आणलेले पोहे तसेच डब्यात राहिले.

त्या रविवारी दुपारी शिवांजली वडिलांजवळ येऊन बसली. अख्ख्या भावकीत तिचा एकटीचाच त्या कंपनीवर विश्वास बसला होता. लालासाहेबांना तेच सगळ्यात जड जात होतं.

"पप्पा, एक विचारू?"

"इचार."

"जयराजला बघायला आपण फलटणला गेलो, तेव्हाही फोटो काढला होता. त्यात तुम्ही असं हसला नव्हता."

 कोठारात नसलेला माल मागितला की लालासाहेब 'स्टॉक नाही' असं सांगायचे. इथे उलटंच झालं होतं. नसलेल्या सुभेदाराच्या नादात असलेला जावई त्यांनीच घालवला होता.

"जयराज चांगला हाय," ते पुटपुटले.

"होता," शिवांजली म्हणाली आणि डबे घासायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुपवाडच्या फाट्यावर त्या कापडदुकानाचा नवा फ्लेक्स लागला. त्यावर टोपी घातलेले लालासाहेब नारळ धरून हसत होते, वर 'समाधानी वधूपिता' असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आणि शिवांजली स्कूटीवरून त्याच्याखालून कामाला गेली.