भरलेल्या दप्तराची चाचणी

हायस्कूल सुरू व्हायला चार दिवस उरले होते आणि लिफ्टच्या मेकॅनिकने आपल्या मुलीचं नवं दप्तर सकाळी सकाळी वजनकाट्यावर ठेवलं होतं. काटा थरथरत सहा किलोंवर येऊन थांबला.

"सहा," तो म्हणाला. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात.

"भूगोलाचं पुस्तक अजून आलेलं नाही," मुलगी केस विंचरता विंचरता म्हणाली. "वह्यापण तीनच आहेत."

"म्हणजे अजून वाढणार."

"वाढू दे. मरत नाही मी त्यानं."

मेकॅनिकने घाईघाईने दप्तर काट्यावरून उतरवलं. त्या घरात मरणाचा शब्द तीन वर्षांपासून जपून वापरत असत.

मेकॅनिक गेली बावीस वर्षं लोकांच्या डोक्यावरचे दोर तपासत आला होता. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस आरशात आपला भांग बघतो. हा वर बघायचा. कुठला दोर झिजलाय, कुठला ब्रेक एक दिवस दगा देईल, हेच त्याच्या डोक्यात. या धंद्यामुळे त्याचा स्वभाव उदास झाला, की स्वभाव उदास म्हणून तो या धंद्यात टिकला, हे सांगणं अवघड. बायको होती तोवर त्याची काळजी हा घरातला विनोद होता. ती गेली. विनोद तिच्याबरोबर गेला, काळजी तेवढी मागे राहिली.

नव्या शाळेने पालकांना एक पत्रक धाडलं होतं. मुलांना हायस्कूलसाठी कसं तयार करावं, याच्या सूचना. मेकॅनिकने ते इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता. पहिली सूचना होती, मुलांशी मोकळेपणाने बोला, त्यांच्या मनातली भीती जाणून घ्या. त्याप्रमाणे त्याने आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, "तुला कशाकशाची भीती वाटते?"

"कशाची?" मुलीने विचारलं.

म्हणून मग त्यानेच सांगायला सुरुवात केली. रस्ता, बस, बसचा दरवाजा, मोठी मुलं, जिने, जिन्यांचे कठडे, पिण्याचं पाणी. अकरा गोष्टी झाल्या. शेवटी मुलगी जांभई देऊन उठली आणि मेकॅनिक मात्र घोटभर पाणी पिऊन बराच वेळ तसाच बसून राहिला.

दुसरी सूचना होती, शाळा सुरू होण्याआधी मुलांबरोबर एकदा शाळेच्या वाटेने जाऊन या.

"अजिबात नाही," मुलगी म्हणाली. "कुणी बघितलं तर पाच वर्षं मला चिडवतील. मी मैत्रिणीबरोबर जाईन."

"मैत्रीण आजारी पडली तर?"

"मग एकटी जाईन."

"तू आजारी पडलीस तर?"

"मग जाणारच नाही ना, बाबा!" असं म्हणून ती मैत्रिणीकडे निघून गेली. दार जरा जोरातच लागलं.

मेकॅनिकने त्या दिवशी रजा टाकली होती. थोडा वेळ तो बंद दाराकडे बघत राहिला. मग त्याने ठरवलं, ती येत नसेल तर आपण जाऊ. वाट तर तपासली पाहिजे. आणि रिकामी लिफ्ट वरखाली करून बघण्याला तपासणी म्हणत नाहीत; भार घालून बघावं लागतं. भूगोलाचं पुस्तक आणि उरलेल्या वह्या नव्हत्या, म्हणून तेवढ्या वजनाचे नट आवळायचे दोन पाने, एक मोठा स्क्रू ड्रायव्हर, तारा कापायची पकड, टॉर्च आणि दोराचं एक वेटोळं त्याने फडक्यात गुंडाळून दप्तरात कोंबलं. शाळेत मोबाइलला बंदी होती, तेव्हा मोबाइल घरी ठेवला. मुलीकडे पाकीट नसणार, तेव्हा ओळखपत्रासकट पाकीटही ठेवलं. खिशात बसच्या तिकिटापुरती चिल्लर, एक पेन्सिल आणि पत्रक. चाचणी म्हणजे चाचणी.

दप्तर जांभळं होतं. चेनला डोळे मिचकावणारं एक मांजर लटकत होतं. पट्टे तेरा वर्षांच्या खांद्यांना बेतलेले. मेकॅनिकने एक हात घातला, दुसरा घातला, तिसऱ्या हाताची गरज पडली, ती कशीबशी भिंतीला रेटून भागवली. दप्तर एकदाचं पाठीवर बसलं, पण असं बसलं की त्याची कोपरं मागे ओढली गेली आणि छाती नको तेवढी पुढे आली. आयुष्यात प्रथमच तो ताठ मानेने घराबाहेर पडला.

बसमध्ये गर्दी होती. तो डावीकडे वळला की दप्तर उजवीकडच्या माणसाला लागे, उजवीकडे वळला की डावीकडच्याला.

"अहो, ते काढून खाली ठेवा की," एक गृहस्थ कपाळ चोळत म्हणाले.

"निघत नाही," मेकॅनिक म्हणाला.

"आणि मुलगी कुठंय?" शेजारच्या आजींनी मांजराकडे बघत विचारलं.

"ती आली नाही."

आजींनी 'अरेरे' म्हटलं आणि त्याला बसायला जागा दिली. बसता येणं शक्यच नव्हतं. शाळेचा स्टॉप आला तेव्हा दारापर्यंत जाण्यासाठी त्याला मागे फिरायचं होतं, आणि तो फिरेपर्यंत बस निघाली. पुढचा स्टॉप एका चढाच्या टोकाला होता. तिथून चालत शाळेपर्यंत यायला सतरा मिनिटं लागली. त्याने पत्रकाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं : 'एकूण पस्तीस मिनिटं. वाईट.'

शाळेपाशी पोचल्यावर त्याने कामाला सुरुवात केली. पुढचं फाटक, मागचं फाटक, मधला बोळ, कुंपणाची भिंत कुठे ठेंगणी आहे, सगळ्याचा नकाशा काढला. मागच्या फाटकाला कुलूप नव्हतं, तेही टिपलं. वॉचमन जागेवरून कधी उठतो आणि किती वेळाने परत येतो, ते घड्याळ लावून लिहिलं. आपल्या लेकीला ज्याच्या भरवशावर सोडायचं, तो माणूस कसा आहे हे नको का कळायला?

"काय हवंय?" मागून आवाज आला. वॉचमन होता.

"काही नाही. बघतोय."

"काय बघताय?"

"तुम्हालाच. तुम्ही सहा मिनिटं जागेवर नव्हता."

वॉचमन निवृत्त शिपाई होता आणि मनाला लावून घेणारा होता. त्याने मेकॅनिककडे पायापासून वर बघायला सुरुवात केली आणि त्याची नजर मांजरापाशी अडकली.

"हे दप्तर कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"मुलीचं नाव काय?"

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून घरातलंच बाहेर पडतं. "पिल्लू," मेकॅनिक म्हणाला.

"पिल्लू?" वॉचमन सावकाश म्हणाला. "काढा ते दप्तर."

"निघत नाही."

"का निघत नाही?"

"ओढून बघा."

वॉचमनने ओढलं. मेकॅनिक पुढे वाकला. वॉचमनने एक पाय भिंतीला लावून पुन्हा ओढलं. पट्टा फाटला, चेन उघडली, वॉचमन खाली बसला आणि फडकं सुटून पाने, पकड, टॉर्च आणि दोर एकेक करून फाटकासमोर घरंगळले. मेकॅनिकच्या हातातला कागद वॉचमनने घेतला. नकाशा बघितला, कुलूप नसलेलं फाटक बघितलं, स्वतःच्या उठण्याबसण्याच्या वेळा वाचल्या.

"बावीस वर्षं झाली मला," मेकॅनिक म्हणाला, "कुणाचं काही वाकडं झालं नाही आजपर्यंत."

या वाक्याचा व्हायचा तो परिणाम झाला. वॉचमनने त्याच्या दंडाला धरून त्याला आत नेलं.

ऑफिसात समुपदेशक बाई हातात कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर निघायच्या घाईत होत्या. त्यांनी वॉचमनचं सगळं ऐकून घेतलं, टेबलावर मांडलेली हत्यारं बघितली आणि मेकॅनिकला बसायला सांगितलं.

"हा पकडीचा काय प्रकार आहे?"

"ती भूगोलाऐवजी आहे," मेकॅनिक म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "घरी कुणाला फोन लावू? नंबर सांगा."

इथे मेकॅनिकची पंचाईत झाली. सगळे नंबर मोबाइलमध्ये, मोबाइल घरी. तोंडपाठ नंबर त्याला एकच होता, बायकोचा. तो फोन आता मुलीकडे असायचा. मान खाली घालून त्याने एकेक आकडा सांगितला. बाईंनी स्पीकर लावला.

"हॅलो?"

"तुझे बाबा शाळेत आलेत. म्हणजे, त्यांना आणलंय," बाई म्हणाल्या. "ते तुझे बाबाच आहेत, एवढी खात्री करायची होती. उंच आहेत, जांभळं दप्तर..."

"माझं दप्तर?" पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "त्यांना कुठं जाऊ देऊ नका. मी येते."

"नको!" मेकॅनिक खुर्चीतून उठला. "एकटी येऊ नकोस! चौकात सिग्नल नाही! बस भरलेली असते, दार उघडंच..."

"बाबा, बस खाली. बावीस मिनिटांत येते."

"पस्तीस लागतात!"

फोन बंद झाला होता.

मेकॅनिक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतली माणसं जशी दाराकडे बघतात, तसा. बाईंना उशीर होत होता, पण त्या थांबल्या. पत्रक त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी उलटं केलं.

"मागची बाजू वाचली नाही का तुम्ही? आज, आत्ता, वर हॉलमध्ये सभाच आहे यावर. तिथं यायचं होतंत. हे सगळं विचारायचं होतंत."

"वाचली," मेकॅनिक म्हणाला. "त्यावर 'माता-पालक सभा' लिहिलंय."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली, जणू दुसऱ्याच कुणीतरी छापली होती. वॉचमनने उगाच टेबलावरची टॉर्च सरळ केली.

"ती असती तर तिनं विचारलं असतं," मेकॅनिक म्हणाला. "मला विचारता येत नाही. मला तपासताच येतं."

एकविसाव्या मिनिटाला दारात मुलगी उभी राहिली. धाप लागलेली नव्हती. केससुद्धा विस्कटले नव्हते.

"ही होय?" वॉचमन ओरडला. "ही तर चार दिवस येतेय! आज शाळा उघडी आहे का, उद्या उघडी आहे का, पाण्याचा नळ कुठंय, जिना कुठला..."

मेकॅनिकने मुलीकडे बघितलं. "चार दिवस?"

"दोनदा मैत्रिणीबरोबर. दोनदा एकटी," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू कामावर गेला नसतास. लिफ्टच्या वर चढतोस तू, बाबा. तिथं उभा राहून माझा विचार करायला लागलास, म्हणजे? मला कुणी फोन करून बोलावलं असतं, म्हणजे?"

बावीस वर्षांत मेकॅनिकच्या वरचा दोर कुणी तपासला नव्हता. बायको गेल्यापासून तर तपासणारं कुणी उरलंच नाही, असं त्याला वाटत आलं होतं. तो फाटलेला पट्टा बोटांनी सरळ करत राहिला.

वॉचमनने वही पुढे केली. आणलेल्या इसमाला कुणी ताब्यात घेतलं, याची सही लागे. मुलीने गोल अक्षरांत सही केली. 'नातं' या रकान्यापाशी ती जरा थांबली, मग 'माझे बाबा' असं लिहिलं.

"चल," ती म्हणाली.

"जरा थांब," समुपदेशक बाई म्हणाल्या. "यांना मी अर्धा तास घेऊन जाते. वर सभा खोळंबलीय."

"माता-पालक..." मेकॅनिकने सुरुवात केली.

"पुढच्या वेळी नीट छापू. चला तुम्ही."

तो मुलीकडे बघायला लागला. तिने मान हलवली, जा म्हणून. मग तो दप्तर छातीशी धरून बाईंच्या मागोमाग जिना चढून गेला. वळणावर त्याने एकदा मागे वळून बघितलं. मुलीने हात हलवला.

ती वॉचमनशेजारच्या बाकावर बसली. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. तिने दोनदा घड्याळ बघितलं, एकदा उठून जिन्यापर्यंत जाऊन आली.

"येतील हो," वॉचमन म्हणाला. "पहिल्या दिवशी जरा जड जातं."

शेवटी वरून पावलं वाजली. बायका बोलत बोलत उतरायला लागल्या आणि सगळ्यांच्या शेवटी, कठड्याला धरून, मेकॅनिक उतरला. त्याचे डोळे लाल होते. मुलगी उठून पुढे गेली आणि तिने त्याच्या हातातून दप्तर घेतलं.

"झालं?" तिने हळूच विचारलं. "रडला नाहीस ना?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला. फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाला, "थोडंसं. पण शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्या माझ्यापेक्षा जास्त रडल्या."

"मग?"

"पुढच्या शनिवारी परत बोलावलंय."

"जाशील?"

"जाईन की," मेकॅनिक म्हणाला. "आता ओळख झालीय."