बिनमिशीचे मेजर

आमच्या कारखान्यात नोकरीला लागायचं म्हणजे अर्ज, ओळख, आधार कार्ड वगैरे लागतंच, पण शेवटची परीक्षा असते लाल मिरचीची. स्टोअरच्या दाराशी पत्र्याचा डबा, डब्यात दोन निखारे आणि निखाऱ्यांवर सुकी मिरची. नव्या माणसाच्या तोंडाला मास्क चढवायचा, त्याला डब्यापुढं उभं करायचं आणि मोठ्यानं वीसपर्यंत आकडे म्हणायला लावायचे. ठसका लागला नाही तर पास. लागला तर पट्टा आवळा, नाहीतर मास्क बदला, आणि पुन्हा मिरची. ही परीक्षा कुठल्या नियमात नाही. आमचे स्टोअरकीपर मेजर हणमंतराव यांनी ती स्वतः काढली आहे. माझं टेबल स्टोअरला लागूनच आहे, त्यामुळे गेली अकरा वर्षं प्रत्येकाची परीक्षा मीही देतो, आणि तीही बिनमास्कची.

कारखाना हळद आणि मिरची दळायचा, माधवनगरच्या अंगाला. मी दळण खात्याचा सुपरवायझर. तसं कागदावर आहे. प्रत्यक्षात माझं काम दमणं हे आहे. यंत्र बंद पडलं की मी दमतो, चालू राहिलं की जास्त दमतो. त्यात मेजर.

मेजर खरं तर मेजर नाहीत. फौजेत ते हवालदार होते आणि सगळी नोकरी त्यांनी बूट, कांबळी आणि तंबू मोजण्यात काढली. मेजर ही बढती कारखान्यानं दिली. गाव कोरेगावच्या पलीकडं, ऊसवाल्यांचं घर. पण सोमवार ते शनिवार हा माणूस माधवनगरला एका खोलीत एकटा राहतो, स्वतःची भाकरी स्वतः थापतो आणि सकाळी सात वाजता स्टोअर उघडतो. फौजेतून त्यांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक म्हणजे मिशी. ती इतकी भरघोस होती की चहा पिताना डाव्या हातानं वर धरावी लागे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘कंडम’ हा शब्द. फाटका हातमोजा कंडम, तडकलेला चष्मा कंडम, कॅन्टीनची उसळ कंडम. एकदा पाहणीला आलेल्या एका पाहुण्यांनी हेल्मेट उलटं घातलं, तेव्हा मेजर माझ्या कानात म्हणाले, “सायब, हेल्मेट बरं हाय. आतला माल कंडम हाय.”

रबरी हातमोजा देण्याआधी ते त्यात फुंकर मारून तो फुगवतात, मनगटाशी पीळ देतात आणि प्रत्येक बोट गालाला लावून बघतात. भोक असलं तर गालाला वारा लागतो. नव्या बायकांना वाटतं, कुणाचा तरी वाढदिवस आहे. मेजर त्यांना समजावतात, “बाई, वारा भाईर येतोय तितनं तिखट आत जातंय. घरी जाऊन लेकराच्या तोंडावरनं हात फिरवशीला, आन् लेकरू बोंबलंल.”

पॅकिंगच्या बायकांना पूर्वी पुरुषांच्याच मापाचे हातमोजे मिळायचे. बोटांची टोकं मोकळी लोंबायची आणि पिशव्या हातातून निसटायच्या. खरेदीवाल्या साहेबांचं म्हणणं, एकच माप मागवणं सोयीचं. दुसऱ्या दिवशी मेजरांनी साहेबांना दहा नंबरचे गमबूट दिले आणि म्हणाले, “आज एकच साइज हाय. दिवसभर घाला.” साहेबांचा पाय सातचा. दुपारी जिन्यावरून ते बूट मागे ठेवून खाली आले. त्या आठवड्यात मेजर दोरा घेऊन प्रत्येक बाईच्या पंजाचं माप घेत हिंडत होते.

गमबूट हे त्यांचं कायमचं दुखणं. कारखान्याचे गमबूट उसाला पाणी पाजायला घरी जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही आहे. मी दमलेला असल्यामुळे बोलत नाही. मेजर मात्र प्रत्येक जोडावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकतात. एकदा ते एस.टी.नं गावी निघाले असताना रस्त्याकडेच्या शेतात त्यांना सत्तावीस नंबर दिसला. त्यांनी घंटी मारून गाडी थांबवली, बांधावरून आत गेले आणि त्या माणसाचे बूट काढून घेतले. तो माणूस आमच्या कामगाराचा मेव्हणा निघाला. मेजर पुढचे तीन किलोमीटर बूट बगलेत मारून चालत गेले.

माझ्यावरही त्यांची नजर असते. मी मास्क वापरतो, पण बहुतेक वेळा तो माझ्या हनुवटीवर असतो. “सायब,” ते खिडकीतून म्हणतात, “हनुवटी श्वास घेत न्हाई.” मी मास्क वर ओढतो. ते गेले की तो आपोआप खाली येतो.

दळणातल्या लोकांचे मास्क रबराचे, गालाला बसणारे, दोन बाजूंना दोन फिल्टर. ते कसे धुवायचे हे मेजर दर सोमवारी सांगतात: फिल्टर काढून ठेवा, त्याला पाणी लागलं की तो कंडम, रबर कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. एकानं फिल्टरसुद्धा सोड्यात उकळून, उन्हात वाळवून, पांढरेशुभ्र करून आणले आणि कौतुकानं दाखवले. मेजर बराच वेळ त्या फिल्टरकडं बघत राहिले. मग खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

असं सगळं चाललं होतं. मग बाळासोचं प्रकरण झालं.

बाळासो जतकडचा. घरची मेंढरं, बाप अजून कळप घेऊन हिंडतो. हा चाळिशीचा गडी आमच्याकडं मिरचीच्या चक्कीवर. कामाला वाघ आणि मिशीला मेजरांच्या तोडीस तोड; मिरचीची परीक्षा दिली तेव्हा ती नुसती रेघ होती, भरली नंतर. गेल्या हिवाळ्यात त्याला खोकला लागला, तो जाईना. डॉक्टरनं छाती तपासली आणि सांगितलं, तिखटाची धूळ आत जाते आहे, अशीच जात राहिली तर काम सोडावं लागेल, आणि फार उशीर झाल्यावर सोडून उपयोग नाही. बाळासोला दोन मुली, दोघी शाळेत. काम सोडणं जमणारं नव्हतं.

मेजरांनी त्याला डब्यापुढं उभं केलं. तो चारपर्यंत पोचला. मास्क बदलला, सहा. पट्टे आवळले, पाच. मेजरांनी रबराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते थांबले. कड मिशीवर बसत होती. केसांतून धुराला वाट होती.

“बाळासो, मिशी काडावी लागंल.”

आमच्याकडं मिशी कधी काढतात हे सांगायला नको. आईबाप गेल्यावर. बाप जिवंत असताना मुलानं मिशी उतरवणं म्हणजे जित्या माणसाचं सुतक धरणं.

“बाप जिता हाय माझा,” बाळासो म्हणाला.

“म्हनून तर म्हनतोय. बापाआदी तू जायाचं ठरवलंयस काय?”

बाळासोला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, “मेजर, तुमचा बी बाप जिता हाय. तुमी काडा आदी. मग मी काडतो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मेजर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. डाव्या हातानं मिशी वर धरून त्यांनी उरलेला चहा प्यायला आणि डब्यातले निखारे विझवले. शनिवारी त्यांनी माझ्याकडं अर्ध्या दिवसाची रजा मागितली. अकरा वर्षांतली पहिली.

सोमवारी सात वाजता मेजर फाटकातून आत आले, तेव्हा वॉचमननं त्यांना ओळखलंच नाही. ओळखल्यावर त्यानं टोपी काढली. नाकाखाली सगळं उजाड. बातमी आमच्याआधी पॅकिंगला पोचली आणि बायकांनी डोक्यावर पदर घेतले. एकीनं डोळ्याला लावलासुद्धा. मालक वरच्या केबिनमधून खाली आले. सगळ्यांच्या वतीनं बोलायचं काम माझ्यावर आलं, कारण असली कामं माझ्यावरच येतात.

“वाईट झालं मेजर,” मी म्हणालो. “वय किती होतं?”

“कुनाचं?”

“आबांचं.”

“त्र्याण्णव.”

“तसं पिकलं पानच होतं.”

“होतं न्हाई, हाय. काल दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी.” मग ते मालकांकडं वळले. “आवं सायब, चक्क्या का बंद हाईत?”

बाळासो चक्कीशेजारी उभा होता. तो मेजरांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं फोन काढला आणि सगळ्यांदेखत बापाला लावला. फोनमधून आधी मेंढरं ऐकू आली, मग बाप. बाळासोनं चाचरत सगळं सांगितलं. बाप म्हणाला, “आरं, वर्साला दोन डाव लोकर कातरतोय आपन. मेंढरू मरतंय व्हय? काड की!” आणि त्यानं फोन ठेवला, कारण मेंढरं कुणाच्या तरी शाळूच्या पिकात शिरत होती.

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्येच मिशी उतरली. मेजरांनी डबा पेटवला, आणि त्या दिवशी चार मिरच्या टाकल्या. आम्ही सगळे ठसकत, शिंकत मागं सरलो, मालकसुद्धा. त्या धुरात बाळासो एकटा ताठ उभा राहून, न थांबता, वीसपर्यंत म्हणाला. मग आपण होऊन पन्नासपर्यंत म्हणाला. पुढच्या महिनाभरात दळणातल्या आणखी सहा जणांनी मिशा काढल्या. बाळासोचा खोकला उन्हाळ्यापर्यंत उतरला.

माझ्या लेखी प्रकरण तिथं संपलं होतं. मग एका रविवारी मला साताऱ्याला एका लग्नाला जायचं होतं. मेजर म्हणाले, “येताना आमच्याकडं या जेवायला. सांजच्या पॅसेंजरनं बरूबर परतू.” मला खरं तर घरी जाऊन पडायचं होतं. पण गेलो.

आबा ओसरीवर खाटेवर बसले होते. दृष्टी जवळजवळ गेलेली, आणि आठवण अर्ध्या तासापलीकडं टिकत नाही. मेजर त्यांच्याजवळ टेकले. आबांनी हात पुढं केला आणि लेकाला चाचपायला लागले: डोकं, कपाळ, नाक. नाकाखाली हात थांबला. दोन बोटं तिथंच इकडून तिकडं फिरली.

“हणमा, मिशी कुटं हाय रं?”

“काडली, आबा.”

म्हाताऱ्यानं अगदी हळू आवाजात, लाजल्यासारखं विचारलं, “मी गेलो व्हय रं?”

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तिथं हसू आलं नाही.

“न्हाई आबा, तुमी हायसा,” मेजर म्हणाले. चहाचा पेला त्यांनी आबांच्या हातात दिला आणि वरून स्वतःचे हात धरले. “भाजतंय का?”

“भाजतंय.”

“मेलेल्या मान्साला भाजतंय व्हय?”

आबांनी विचार केला. “न्हाई. मग कोण गेलं?”

“कोनबी न्हाई गेलं. आमच्या चक्कीवर बाळासो म्हनून गडी हाय...” असं करत मेजरांनी सगळं सांगितलं. मिरची, मास्क, खोकला, दोन पोरी, मेंढरं. घाई न करता, जणू पहिल्यांदाच सांगत आहेत. आबांनी शेवटी विचारलं, “बरा हाय न्हवं त्यो?” बरा आहे म्हटल्यावर त्यांनी चहा पिऊन टाकला.

आमचं जेवण झालं आणि आबांचा हात पुन्हा नाकाखाली थांबला. पुन्हा तोच प्रश्न. मेजरांच्या घरच्या बाई ताटं उचलता उचलता मला म्हणाल्या, “दर आयतवारी चार-पाच डाव इचारत्यात. किती म्हनलं, वाडवा म्हून. ऐकत न्हाईत.”

स्टेशनवर गाडीला उशीर होता. बाकावर बसून मी म्हणालो, “मेजर, बाळासोला आता सवय झाली आहे. वाढवा की मिशी. म्हाताऱ्याला उगीच धक्का.”

“मी वाडवली की धा दिसात त्यो बी वाडवील, सायब. मान्सं आपलं तोंड बगत्यात, सांगितल्यालं कोन ऐकतंय.” त्यांनी वाकून रुळांवर गाडी दिसते का बघितलं. “आन् धक्का म्हनाल, तर तुमी आबांचं तोंड बगितलं न्हाई. ‘तुमी हायसा’ म्हनलं की कसं उजळतंय. सांगताना मला बी बरं वाटतंय. एक दीस इचारनारं कोन नसंल. मग ही मिशी काडलेलीच ऱ्हानार, आन् सांगायचं कुनाला?”

गाडीचा दिवा दिसला, तसे आम्ही दोघं उठलो.