चौकात आधी कोण?

हे मला लिहायचं नव्हतं. भाचीनं वही आणून पुढ्यात आदळली आणि म्हणाली, "मामा, तू होतास तिथं, तूच लिही." चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला कामाला लावायची ही कसली हौस! लिहितो, पण मध्येच कोणी फिदीफिदी हसायचं नाही.

भाचीचा बाप, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं नीट केली आणि स्वतःचे डोळे घालवून बसला. डॉक्टरनं गाडी चालवायची बंदी केली. लेक, म्हणजे हीच भाची, दोन तासांवर राहते, तिचे दिवस भरत आलेले, आणि तिकडची बस बंद पडलेली. म्हणून बहिणीनं साठाव्या वर्षी स्टिअरिंग धरलं.

चालवायची झकास. तरी परीक्षेत दोनदा नापास, दोन्ही वेळा चौकात! नियम काय, तर थांबायचं, उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं आणि मग आपण निघायचं. ही थांबायची ती थांबायचीच. उजवीकडचा गेला, डावीकडचा गेला, एक हातगाडीसुद्धा गेली. परीक्षक म्हणाला, "बाई, आता तुम्ही निघा." तर म्हणते कशी, "असू दे हो, कोणाला घाई असेल."

तिसऱ्यांदा नापास झाली तर पुढचे सहा महिने परीक्षाच नाही. तोवर बाळंतपण उरकलं असतं.

घड्याळजीनं मग घरातच चौक केला. त्यांच्याकडे (मीही तिथंच राहतो) स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली आणि बाहेरची खोली, चारींची दारं एका अरुंद बोळात उघडतात. "तू तिकडून ये, मी इकडून येतो," म्हणाला. ती चहाचा कप घेऊन दारात आली नि थांबली. हा खोलीतून निघाला तो थेट बाहेरच्या खुर्चीत! पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी न्हाणीघराच्या दारात टॉवेल गुंडाळून (डावीकडची रहदारी म्हणून मला उभं केलं होतं) बघत होतो. म्हटलं, "अरे शहाण्या, छत्तीस वर्षं ही दारात थांबते आणि तू पुढं जातोस. ती शिकणार कशी निघायला?"

घड्याळजीचं तोंड एवढंसं झालं. त्याला वाटायचं, तिला मागून यायला आवडतं. बोळात खाली मान घालून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अगं, तू जा."

"अहो, तुम्ही जा ना."

"मी थांबतो."

"चहा गार होईल तुमचा."

"होऊ दे."

गेली एकदाची. चारच पावलं, पण नव्या नवरीसारखी लाजत गेली. पुढं चार दिवस घड्याळजी प्रत्येक दारात थांबायचा. दोघं एकमेकांना वाट देत उभे, आणि मी आत साबण लावून खोळंबलेला!

परीक्षेच्या दिवशी त्याला घरी राहवेना. मला ओढत चौकात घेऊन आला. आपण दिसलो की तिला धीर येईल म्हणून थेट रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर उभा राहिला. गाडी आली, थांबली. पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं, हाही नियमच. यानं हात केला, तू जा. तिनं आतून हात केला, तुम्ही जा. मागं गाड्यांची रांग लागली. परीक्षकानं डोकं बाहेर काढलं, "आजोबा, ओलांडा की!"

"नाही साहेब, आधी ती!"

माझं टाळकं सटकलं. घड्याळजीला दंडाला धरून फूटपाथवर नेलं आणि परत रस्त्याच्या मधोमध येऊन तिला खुणावायला लागलो, ये, ये, अजून ये.

तेवढ्यात हॉर्न वाजला. असा, की मेलेला उठून बसावा.

"दादा! हो बाजूला!"

जन्मात तिनं कोणाला बाजूला हो म्हटलं नव्हतं. मी उडी मारली ती थेट कडेच्या चिखलात. गाडी ऐटीत वळून गेली. घड्याळजी टाळ्या वाजवत होता. त्याला लांबचं काही दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला होता.

परीक्षकानं पास केलं. बहीण वेळेत लेकीकडे पोचली, नातही झाली. चिखलाबद्दल घड्याळजीनं माझी माफी मागितली. परीक्षकानंसुद्धा, परका माणूस असून, मागितली. आता राहिलं कोण? विचारलं तर म्हणते, "दादा, तू ना रहदारीत मोडत होतास, ना पायी चालणाऱ्यांत." लिहून ठेवा, अजून माफी मागायची आहे ती एकटीनंच, माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं.