काकांच्या कॉलरचा माईक

कॅमेऱ्यातलं फुटेज कॉम्प्युटरवर उतरवणं म्हणजे एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतणं! हे वाक्य माझं. भौतिकशास्त्रातली पदवी अजून घडीसुद्धा न मोडता कपाटात होती, त्या जोरावर मी ते काकूला ऐकवलं.

झालं होतं असं, की काका-काकूंच्या लग्नाला रविवारी पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. लग्नाचं शूटिंग करणारा व्हिडिओवाला आता धंदा बंद करत होता. त्याने मूळ टेप, आणि ती वाजवायला आपला जुना खांद्यावरचा कॅमेरा, दोन्ही काकूच्या हवाली केलं. घरात लग्नाची सीडी होती, पण तिच्यावर त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बासरी घातली होती. काकूला खऱ्या आवाजासकट दहा मिनिटांची फिल्म हवी होती, रविवारी पाहुण्यांना दाखवायला.

"जमेल ना गं? टेप एकच आहे."

"काकू, मी लेझरवर प्रयोग केलेत. ही तर टेप आहे!"

कॅमेरा दोन वर्षांच्या मुलाएवढा जड होता आणि तेवढाच हट्टी. त्याच्या केबलचं तोंड माझ्या कॉम्प्युटरच्या एकाही भोकात जाईना. एक जोडणी आणली. त्या जोडणीला जोडायला दुसरी आणली. शेवटी टेबलावर छोटीशी मालगाडी उभी राहिली, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटलं.

"झालं का ओतून?" काकूने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही गं. टेप जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ उतरवायला लागतो. ती वाजत जाते आणि कॉम्प्युटर बघत जातो."

"म्हणजे तो आमचं अख्खं लग्न बसून बघणार?"

"हो."

"मग त्याचंही पान मांडायला हवं!"

मध्येच कॉम्प्युटर अडखळला, तर चित्रातल्या चौकटी, म्हणजे फ्रेम, गळतात. म्हणून मी घरात संचारबंदी लावली. मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद, काकांनी शिंकायचं ते गॅलरीत जाऊन. या गोष्टींचा आणि चौकटींचा संबंध काय, हे मला कुणी विचारलं नाही. नशीब माझं! काकू कंटाळून शिंप्याकडे निघून गेली.

मी एकटीच पडद्यासमोर बसले. खाली आवाजाच्या दोन हिरव्या पट्ट्या नाचत होत्या. पहिली कॅमेऱ्याच्या माईकची. हॉलमधला कलकलाट वाढला की ती वर जायची. दुसरी मात्र स्वतःच्याच तालात, हॉल शांत असतानाही टुणटुण उडत होती. आता शास्त्र शिकलेल्या माणसासमोर अशी पट्टी उडावी आणि त्याने गप्प बसावं? मी हेडफोन लावला, पहिला आवाज बंद केला आणि दुसरा मोठा केला.

कापडाची खसखस. श्वास. आणि मग काकांचा आवाज, पंचवीस वर्षांनी तरुण!

व्हिडिओवाल्याने नवरदेवाच्या कॉलरला बिनतारी माईक लावला होता आणि नवरदेव ते साफ विसरले होते. पडद्यावर काका स्टेजवर उभे राहून पाहुण्यांकडे बघत गोड हसत होते. माझ्या कानात ते मित्राला म्हणत होते, "तुझ्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का रे?"

"आहे. का?"

"मागच्या दाराने निघू या. आत्ता. कुणी बघत नाहीये."

"सकाळपासून किक बसत नाहीये. ढकलायला दोन माणसं लागतात."

"मग राहू दे. नमस्कार, नमस्कार! जेवल्याशिवाय जायचं नाही हं!"

मी टेप मागे घेऊन तेच पुन्हा लावलं आणि हसता हसता खुर्चीतून खाली घसरले. घसरताना हेडफोनची वायर निसटली आणि आवाज स्पीकरवर आला. नेमके त्याच वेळी काका शिंकून परत आले.

"मागच्या दाराने निघू या," स्पीकरमधले तरुण काका म्हणत होते.

काकांनी झेप घेतली. मी ओरडेपर्यंत त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडून टेप ओढली. ती आतल्या चाकाला गुंडाळलेली होती. काका ओढत राहिले, ती येत राहिली, आणि मग तुटली. टेबलावर तपकिरी लोकरीचा गुंता पडला. बरं, तोवर स्टेजवरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरलं होतं. पुढे नुसते पाहुणे जेवताना होते.

"पुसून टाक!" काका धापा टाकत म्हणाले. "रविवारी सगळ्या गोतावळ्यासमोर मी पळपुटा ठरेन. आणि तुझी काकू? ती मला घरात ठेवेल का?"

मला दया आली. मी दुसरा आवाज पुसला, नवी फाइल केली, जुनी उडवली. काकांनी पाठीशी उभं राहून कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करून घेतली. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना.

"तेव्हा कुणी ऐकलं असेल का गं?"

मी कागद घेतला. "हे बघा, ही कुजबूज. ध्वनी अंतराच्या वर्गाप्रमाणे क्षीण होतो. माईक वीतभर अंतरावर, म्हणून त्याला ऐकू आलं. हा मित्र. हे पाहुणे. पाहुण्यांपर्यंत काही पोचणं अशक्य!"

"शाब्बास, शास्त्रज्ञीणबाई!" काका म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी स्वतः चहा टाकला.

काकू परत आली. टेपचा गुंता बघून तिने हातातली पिशवी तिथेच टाकली, पण मी तिला खुर्चीत बसवून फिल्म लावली. स्टेजचा भाग आला तशी ती पुढे सरकली.

"आवाज वाढव."

"आहे तेवढा एवढाच आहे, काकू."

"मग स्कूटरचं कुठे गेलं?"

काकांनी चहाचा कप बशीत ठेवला. "कोणती स्कूटर?"

"अहो, तुमच्या मित्राची! किक बसत नव्हती ती! मी तुमच्या शेजारीच उभी होते ना? माईक तुमच्या कॉलरला होता, पण माझे कान काय मी माहेरी ठेवून आले होते?"

मी हळूच कागद उलटा केला. त्यात माईक होता, मित्र होता, पाहुणे होते. नवरी काढायची राहिली होती.

"इतकी वर्षं बोलली नाहीस?" काकांनी बारीक आवाजात विचारलं.

"बोलले की! माझ्या बहिणींना किती वेळा सांगितलं. कुणाला खरंच वाटत नाही. म्हणतात, तुझा नवरा आणि पळणार? त्याला साध्या चपला शोधून द्याव्या लागतात! म्हणून तर मूळ टेप मिळवली. रविवारी सगळ्यांना ऐकवणार होते." तिने माझ्याकडे बघितलं. "आण परत ते."

"काकू, पुसलेलं परत येत नाही."

"तू लेझरवर प्रयोग केलेस ना?"

शेवटी तोडगा तिनेच काढला. काकांनी तेच पुन्हा म्हणायचं, पडद्यावरच्या ओठांबरोबर. मी काकांच्या कॉलरला माईक लावला, काकूने ऐकायला हेडफोन चढवला. मित्राला फोन केला. त्याने आपलं वाक्य एका दमात म्हटलं, वर सांगितलं की स्कूटर अजूनही सुरू होत नाही.

काकांचं मात्र जमेना. पहिल्यांदा त्यांनी पाणी बंद असल्याची सूचना वाचावी तसं वाचलं. दुसऱ्यांदा पेट्रोलच विसरले.

"काका, जरा मनापासून," मी म्हणाले. "समजा, खरंच निघायचंय."

काकांनी डोळे मिटले. खोल श्वास घेतला. "मागच्या दाराने निघू या," ते म्हणाले. "आत्ता. कुणी बघत नाहीये."

माझ्या अंगावर काटा आला. काकूने सावकाश हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "तेव्हा एवढं मनापासून नव्हतं म्हटलं तुम्ही!"