पार्किंगमधली पेरणी

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मी बैल म्हणून काम केलेलं आहे. पूर्वी हे सांगायची लाज वाटायची, आता वाटत नाही. डावीकडचा बैल मी, उजवीकडचा वॉचमन, आणि मागून हाकायला शिवलिंगअप्पा.

अप्पा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बसवराजचे वडील. गाव शिरूर अनंतपाळकडचं. काकू, म्हणजे बसवराजची आई, वारल्यावर त्यानं त्यांना लातुरात आणलं, तर हे कपड्यांच्या पिशवीबरोबर एक चाडं घेऊन एसटीतून उतरले. चाडं म्हणजे पेरणीच्या तिफणीवरचं लाकडी वाटीसारखं तोंड. त्यात मुठीनं बी सोडत चालायचं, ते खालच्या बांबूच्या नळ्यांतून मातीत पडतं.

"कंडक्टर म्हनला, बाबा, ह्याचं तिकीट लागतंय. मी म्हनलं, हाफ काढ, ल्हान हाय अजून!"

अप्पांना नातीला मूठ धरायला शिकवायचं होतं. गौरी सहावीत. बसवराजचं म्हणणं असं, की ट्रॅक्टर सगळं रान बघता बघता पेरतो, पोरीनं गणितं सोडवावीत. बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. दसरा झाला की गावाकडच्या रानात, विहिरीजवळच्या पट्ट्यात गौरी ज्वारी पेरणार. जमलं तर तिफण राहील, नाही तर चुलीत जाईल.

मग काय, रोज संध्याकाळी सराव सुरू. मोडक्या सायकलच्या सांगाड्याला चाडं बांधलेलं, नळ्यांच्या जागी पाइपचे तुकडे, पुढं आडवी काठी, काठीला आम्ही दोघं.

"दाट पडलं गं! मूठ आवळू नको. सोड, सोड... आता लईच सोडलीस की!" मग मला, "ओ सर, सरळ चला! बैल असं मोबाइल बघत चालतंय का कुठं?"

आमची ही बाल्कनीतून शेजारणीला सांगायची, "घरात दहा हाका मारल्या तरी हलत नाहीत."

गल्लीतली सगळी कबुतरं आमच्याकडं जेवायला यायला लागली. एक दिवस सेक्रेटरींच्या स्कूटरच्या पायदानात ज्वारी उगवली. ते तणतणत तक्रार घेऊन आले. अप्पांनी खाली वाकून ती रोपं कौतुकानं न्याहाळली आणि विचारलं, "खत कोणतं घातलंत?"

दसरा झाला. खरे बैल माझ्यापेक्षा बरे चालतात का, हे बघायला मीही गावी गेलो. शेजाऱ्याची जोडी मागून आणलेली होती. अप्पांनी बैल हाकले, गौरीनं ओटीतली ज्वारी मुठीत घेतली, आणि पहिल्याच फेरीला सगळा घोळ झाला. कुठं ढीग, कुठं काहीच नाही. बांधावर उभ्या असलेल्या बसवराजनं तिफणीकडं असं बघितलं, की आता हिचं सरपण होणार हे मला कळलं.

गौरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नाही जमत. अप्पा, तुम्ही मूठ धरा, मी बैल हाकते."

अप्पांनी हातात थोडी ज्वारी घेतली, आणि परत तिच्या ओटीत टाकली.

"मला येत न्हाई, बाई."

"मग मला कसं शिकवत होतात?"

"मूठ तुझ्या आजीची. मी नुसता हाकायचो. जलमभर संगं चाललो, पर तिच्या हाताकडं कधी बघितलं न्हाई, बैलाकडंच बघत ऱ्हायलो. नळ्यातनं बी पडायचा आवाज तेवढा कानात बसलाय. दाट हाय का पातळ, ते मला त्याच्यावरनंच कळतंय."

बसवराज खाली बघायला लागला.

गौरीनं डोळे पुसले, मूठ भरली. बैल निघाले. या वेळी अप्पा ओरडले नाहीत. निम्मा पट्टा झाला तरी गप्पच. मला काही राहवेना. बांधावरूनच ओरडलो, "अप्पा, जमलं की हो पोरीला!"

अप्पांनी मागं न बघता हात वर केला.

"उगं ऱ्हावा की सर जरा. लई दिसांनी ऐकायलोय."