इंजिनावरच्या अक्षता

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला लेकीकडे राहायला आलेल्या पुरुषोत्तम यांनी गाडीखालचा तेलाचा डाग पाहिला आणि निदान केले : इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, तेल अडवणारे गॅस्केट गेले आहे. मंगळवारी गाडीची वॉरंटची, म्हणजे रस्त्यावर चालवायला योग्य असल्याच्या दाखल्याची, तपासणी होती. जावई मधुकर गॅरेजला फोन लावू लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले. टेक्निकल कॉलेजात शिकलेला माणूस घरात असताना झाकण बसवायला परका कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

"ठीक आहे बाबा. पण वॉरंट फेल झालं तर ऑफिसला चालत जावं लागेल मला."

"मधुकरराव, तसं झालं तर मी पुन्हा बॉनेटला हात लावणार नाही."

रविवारी सकाळी त्यांनी घराच्या गॅरेजात झाकण उतरवले, जुने गॅस्केट खरवडले, कड स्पिरिटने पुसली. मग नव्या गॅस्केटऐवजी ट्यूबमधल्या लाल सिलिकॉनची एकसारखी, कुठेही न तुटलेली रेघ कडेवरून ओढली. रेघेवर पातळ साय धरली की झाकण बसवायचे, अशी ट्यूबवर सूचना होती. तेवढ्यात हात धुऊन यावे म्हणून झाकण स्वच्छ वर्तमानपत्रावर उलटे ठेवून, शेजारी पाने-पक्कड ओळीने मांडून ते आत गेले.

तो दसऱ्याचा दिवस होता. त्यांच्या पत्नी शकुताई सकाळपासून पूजेसाठी निदान एक स्क्रू-ड्रायव्हर तरी द्या म्हणून मागे लागल्या होत्या. गॅरेजात येऊन पाहतात तो सगळेच मांडलेले.

पुरुषोत्तम परतले तेव्हा हळदकुंकू वाहून झाले होते आणि मूठभर अक्षता ओल्या रेघेवर नीट चिकटल्या होत्या.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न सांगता मांडणी केलीत," शकुताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

सिलिकॉनचे गुणधर्म सांगण्यासाठी उघडलेले तोंड पुरुषोत्तम यांनी मिटले. मग हलकेच एक पाना उचलला.

"पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही."

पाना जागेवर गेला. संध्याकाळपर्यंत रेघेचे रबर झाले आणि तांदूळ त्यात भिंतीतल्या विटांसारखे पक्के बसले.

सोमवारी शकुताई लेकीबरोबर बाजारात गेल्या आणि सासरे-जावयांनी ते सारे खरवडून काढले. राखीव ट्यूब होतीच. पुरुषोत्तम कोणतीही वस्तू एकटी आणत नसत. नवी रेघ ओढली, झाकण बसले. सुकायला तपासणीपर्यंतचा वेळ जेमतेम पुरणार होता.

"सगळं छान झालं बाबा. पण आई अक्षता शोधतील."

पुरुषोत्तम यांनी विचार केला. ट्यूबमध्ये अजून थोडे शिल्लक होते.

मंगळवारी तपासनिसाने झाकणाच्या कडेने बोट फिरवले. कोरडे निघाले. झाकणाच्या माथ्यावरच्या तांदळांबद्दल काही विचारण्याचे त्याने टाळले आणि गाडी पास केली.

घरी मधुकरने बॉनेट उघडले. शकुताईंनी वाकून पाहिले.

"एवढी फिरून आली गाडी, पण एक दाणा हलला नाही. याला म्हणतात देवाला पोचलेली पूजा."

मधुकरला एकाएकी खोकला आला.

"आणि तुमच्या अंगठ्याला अजून कुंकू?"

साबण झाला होता, स्पिरिटही झाले होते. पुरुषोत्तम यांनी लाल अंगठा निरखून पाहिला.

"हो," ते म्हणाले. "निघतच नाही."