जामीनदाराशी सौजन्याने बोला

वयाच्या चोविसाव्या वर्षी थोरल्याने रीतसर घर सोडलं. आर्थिक स्वातंत्र्य हवं असेल तर आधी बापाच्या छपराखालून बाहेर पडावं लागतं, असं सगळ्या जाणकारांचं मत होतं. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं आणि त्याला बाबा जामीन होते, एवढा तपशील सोडला तर तो पूर्णपणे स्वतंत्र होता.

"बाबा, तुमच्याकडे एक पैसाही मागणार नाही," त्याने निघताना सांगितलं.

बाबा घरीच लोकांचे पडदे शिवून द्यायचे. त्यांनी मशीन थांबवलं आणि "बरं" म्हणाले.

"पैसे नको मागूस, पण डबे तेवढे परत आण," आई म्हणाली.

नोकरी लगेच मिळाली. ज्या संस्थेने कर्ज दिलं होतं, तिच्याच वसुली विभागात. थकलेल्या हप्त्यांसाठी लोकांना फोन करायचे. कर्जात बुडालेली माणसं हे काम मन लावून करतात आणि नोकरी सोडून पळत नाहीत, असा संस्थेचा अनुभव होता. समोरच्या भिंतीवर 'जामीनदाराशी सौजन्याने बोला' अशी पाटी होती. सौजन्याने म्हणजे शिवी न देता. बाकी काय बोलायचं ते छापून दिलेलं होतं.

खोलीचं भाडं, हेडफोनचं भाडं आणि गणवेशाचे पैसे गेल्यावर पगारातून जे उरायचं, ते हप्त्यापेक्षा थोडंसं कमी असायचं. थोडंसंच. त्यावर दंड लागायचा, दंडावर व्याज चढायचं. अशा रीतीने चौथ्या महिन्यात संगणकाने एक नवा थकबाकीदार थोरल्याच्या पुढ्यात वाढून ठेवला. तो थोरला स्वतःच होता.

"बाई, हा मीच आहे," त्याने टीम लीडर बाईंना सांगितलं.

"बरंच झालं की. लाव फोन."

"मीच मला कसा लावू?"

"ओळखीच्या माणसाला सवलत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि आपलं खातं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही."

त्याने फोन लावला. कामाच्या वेळात मोबाईल बाहेरच्या कपाटात ठेवायचा नियम होता आणि थोरला नियम पाळणारा होता, त्यामुळे फोन कपाटात वाजत राहिला. 'ग्राहक फोन टाळतो' अशी नोंद झाली. नोंद त्यानेच केली. टाळणाऱ्या ग्राहकाला कडक मेसेज जातो, तोही त्याने पाठवला. संध्याकाळी कपाट उघडून तो वाचला, तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला. मेसेज खरोखरच चांगला जमला होता.

यानंतरची पायरी जामीनदार. बाई दुसरा हेडफोन लावून शेजारी बसल्या. "हे खातं आज सुटलं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस," त्या सौजन्याने म्हणाल्या.

थोरल्याने फोन लावून "हॅलो" म्हणताच पलीकडे मशीनची घरघर थांबली. "काय रे, जेवलास का?"

खासगी बोलायला मनाई होती. "मी वसुली विभागातून बोलतोय. हे संभाषण रेकॉर्ड होतंय. आपण ज्यांना जामीन आहात, त्यांनी हप्ते थकवले आहेत."

पोराच्या शेजारी कुणीतरी ऐकत बसलंय, हे बाबांच्या लगेच लक्षात आलं.

"बोला साहेब," ते म्हणाले.

पुढचं वाक्य छापलेलं होतं. "मुलाला जबाबदारीची जाणीव नाही. घरातून काही शिकवलं होतं की नाही?"

"आमचंच चुकलं साहेब. मुलगा वाईट नाही हो. नवी नोकरी आहे, वरचे लोक कडक असणार. त्याला काही बोलू नका. मी मशीन विकतो आणि उद्या भरतो सगळे."

बाईंनी कागदावरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. थोरल्याने ती वाचली. "त्यानंतरच्या हप्त्यांचं काय?"

"तोवर तो स्वतःच्या पायावर उभा राहील की."

"सहकार्याबद्दल धन्यवाद. आपला दिवस चांगला जावो," थोरला म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता त्याच्या तोंडून "बाबा" निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळी थकबाकी जमा झाली. एकाच फोनमध्ये अख्खं खातं सुटणं ही विभागात मोठी गोष्ट मानली जाते. थोरल्याला बढती मिळाली, पगार वाढला, आणि हप्ता आता पगारात बसू लागला. घरातून कसलीही मदत न घेता उभा राहिलेला तरुण म्हणून संस्थेने त्याचा सत्कार केला. आईबाबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. हल्ली त्यांचे हात मोकळेच असतात.

त्या फोनचं रेकॉर्डिंग आता नव्या भरतीला ऐकवतात. कोवळी मुलं असतात, प्रत्येकाला कुणी ना कुणी जामीन असतं. ऐकून झालं की बाई विचारतात, "यात कर्मचाऱ्याची चूक कुठे झाली?"

सगळे हात एकदम वर जातात. "शेवटी तो 'बाबा' म्हणाला!"

उत्तर बरोबर आहे. तुमच्याही मनात हेच आलं असेल, तर सोमवारपासून कामावर या.